दक्षिण फ्रान्सची ड्राय रेड ब्लेंड: लेबल वाचण्यापासून उरलेल्या अर्ध्या बाटलीपर्यंत

फ्रेंच वाईन म्हटलं की आपल्याकडे लोक एकतर बोर्डोचं नाव घेतात नाहीतर किंमत ऐकून गप्प बसतात. पण जेवणाबरोबर निवांत प्यायची फ्रेंच रेड हवी असेल तर नकाशात खाली सरकायचं, भूमध्य समुद्राच्या बाजूला. रोन नदीचं खालचं खोरं, लांगदोक, रुसियों, प्रोव्हान्स हा सगळा पट्टा. इथली रेड बहुतेक वेळा एका द्राक्षाची नसतेच, दोन-तीन-चार जाती मिसळून केलेली असते. माझं मत आधीच सांगून टाकतो, ही वाईन आपल्याकडे लोक फार गरम पितात आणि फार नुसती पितात. थोडी थंड करा आणि समोर ताट ठेवा, निम्मं काम तिथेच झालं. उरलेलं निम्मं काम दुकानात, बाटली हातात घेतल्यावर, म्हणून तिथपासून सुरू करू.

आधी "ड्राय"चं बघू

ड्राय म्हणजे द्राक्षातली जवळपास सगळी साखर आंबताना संपलेली. युरोपच्या नियमात साधारण लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर वाईन ड्राय (आंबटपणा जास्त असेल तर थोडी सूट मिळते). गोव्याची गोड पोर्ट वाईन पिऊन ज्यांची सुरुवात झालीय त्यांना पहिला घोट कोरडा, जरा कडकच लागतो, आणि दुसरीकडे काही जण ग्रेनाश या द्राक्षाच्या वाईनचा पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखा वास आला की "अरे ही गोड आहे" म्हणतात. वास गोड असला तरी वाईन गोड असेलच असं नाही. शंका आली तर घोट घेऊन गिळल्यावर जिभेच्या टोकाशी काही चिकट गोडवा राहतोय का बघा, राहत नसेल तर ड्राय.

इथे एक सापळा आहे. याच भागात रास्तो, मोरी, बान्युल्स अशा गावांच्या गोड, अल्कोहोल वाढवलेल्या वाईनसुद्धा मिळतात. रास्तोच्या नावाने ड्राय रेडही येते आणि गोडही. लेबलवर "व्हँ दू नात्युरेल" (Vin Doux Naturel) असं छापलेलं दिसलं की ती गोड. मोरीच्या बाबतीत "सेक" (Sec) हा शब्द असेल तर ड्राय, नुसतं मोरी असेल तर गोड. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या वर जाऊन १६ वगैरे दिसलं तरी सावध व्हा.

ब्लेंड का करतात

हौस म्हणून नाही, गरज म्हणून. ग्रेनाश या उन्हात मस्त पिकतं, साखर भरपूर, त्यामुळे अल्कोहोलही भरपूर, फळाचा स्वाद छान, पण रंग फिका आणि हवा लागली की लवकर उतरतं. सिरा (तेच शिराझ, नाशिकवाल्यांना वेगळं सांगायला नको) गडद रंग देतं, आणि काळ्या मिरीचा वास. तो वास कवीकल्पना नाहीये, मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं तेच सिराच्या सालीत सापडतं. मूरवेद्र उशिरा पिकतं, त्याला भरपूर ऊन हवं, पण ते वाईनला तुरटपणा आणि टिकाऊपणा देतं, ग्रेनाशला हवेपासून थोडं सांभाळतं. या तिघांच्या आद्याक्षरांवरून जीएसएम म्हणतात. शिवाय सँसो हलकेपणा आणतं, आणि कारिन्याँ आंबटपणा. कारिन्याँ एकेकाळी लांगदोकमध्ये पोत्याने पिकवायचे आणि स्वस्त वाईनमध्ये ओतायचे म्हणून बदनाम झालं, पण जुन्या वेलींचं कारिन्याँ आता लोक शोधून शोधून घेतात.

यात वाऱ्याचाही हात आहे. रोनच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, जोरदार वारा येतो, म्हणून ग्रेनाशच्या जुन्या वेली तारेवर न चढवता बुटक्या झुडपासारख्या ठेवलेल्या असतात. वाऱ्याने घड कोरडे राहतात, बुरशी कमी लागते, त्यामुळे ऑर्गॅनिक शेती तिथे तुलनेने सोपी जाते.

लेबल कसं वाचायचं

यावर जरा वेळ घालवू, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. फ्रेंच लेबलवर द्राक्षाचं नाव बऱ्याचदा नसतंच, गावाचं किंवा भागाचं नाव असतं, आणि कुठली द्राक्षं किती हे त्या नावाच्या नियमात ठरलेलं असतं. त्यामुळे नावांची उतरंड कळली की झालं.

रोनमध्ये सगळ्यात खाली "कोत द्यू रोन". त्याला १९३७ पासून अधिकृत दर्जा आहे. खूप मोठा पट्टा, खूप बाटल्या, दर्जा एकदम कमीजास्त. त्याच्यावर "कोत द्यू रोन व्हिलाज", आणि व्हिलाजच्या पुढे एखाद्या गावाचं नाव जोडलेलं असेल तर अजून एक पायरी वर. सगळ्यात वर ज्या गावांना स्वतःच्या नावाने वाईन विकता येते ती: जिगोंदास (१९७१ पासून), वाकेरास (१९९०), व्हँसोब्र (२००६), केरान (२०१६), लिराक, आणि अर्थात शातोनफ द्यू पाप. पैशाच्या मानाने माल बघायचा तर मी मधल्या पायरीवर थांबेन, गावाचं नाव असलेलं व्हिलाज किंवा केरान, वाकेरास. साध्या कोत द्यू रोनपेक्षा थोडेच जास्त पैसे जातात आणि फरक पहिल्या घोटात कळतो.

शातोनफची गोष्ट मोठी आहे. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आविन्योंला राहायला आले, त्यातल्या एकाने इथे उन्हाळी किल्ला बांधला, गावाचं नाव त्यावरून. १९२० च्या दशकात तिथला बागाईतदार आणि वकील बॅरन पिएर ल रुआ याने भेसळीला कंटाळून नियम लिहिले, कुठल्या जमिनीत, कुठल्या जातीची, कमीतकमी किती अल्कोहोलची वाईन. पुढे १९३६ मध्ये शातोनफ सगळ्यात पहिल्या अधिकृत नावांपैकी एक झालं. पारंपरिक मोजणीने १३ जाती वापरायला परवानगी आहे, शातो द बोकास्तेल या बागेचे लोक तेराच्या तेरा लावतात, तर शातो रायास बागेचे नुसत्या ग्रेनाशवर रेड करतात, आणि दोघंही त्याच गावचे. याच गावाच्या मेयरने १९५४ मध्ये हद्दीत उडत्या तबकड्या उतरवायला बंदी घालणारा हुकूम काढला होता, तोही खरा आहे. बाटलीच्या काचेवर बोट फिरवलं तर बऱ्याचदा खांद्याशी पोपचा मुकुट आणि किल्ल्या असं उठावाचं चिन्ह लागतं. पण पहिली बाटली म्हणून शातोनफ घेऊ नका. महाग आहे, अल्कोहोल १४.५-१५ असतं, आणि नवीन असेल तर नीट खुलत नाही.

लांगदोककडे आलात तर नावं वेगळी: कोर्बिएर, मिनेर्व्हुआ, सँ शिनियाँ, फोझेर, फितू, तेरास द्यू लारझाक, पिक सँ लू. इथे किमती अजूनही रोनपेक्षा खाली आहेत, कारण या भागाची जुनी ओळख घाऊक वाईनची. १९०७ मध्ये भाव इतके पडले होते की इथल्या शेतकऱ्यांनी मार्सेलँ आल्बेर नावाच्या माणसामागे लाखोंचे मोर्चे काढले, शेवटी सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं गेली. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले शेतकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आता तिथे बरेच जण कमी पीक घेऊन चांगली वाईन करतात. सिराचा मिरीवाला, जरा ताजा स्वाद आवडत असेल तर पिक सँ लू, जुन्या कारिन्याँचा रांगडेपणा हवा असेल तर कोर्बिएर. "पेई दॉक" लिहिलेलं असेल तर नियम सैल, द्राक्षाचं नाव बहुतेक पुढेच छापलेलं, सुरुवातीला सोपं पडतं.

प्रोव्हान्समधलं एकच सांगतो, बाँदोल. किमान निम्मं मूरवेद्र आणि लाकडी पिंपात १८ महिने, असा नियमच आहे. तुरट, घट्ट, वर्षानुवर्षं टिकणारी. मटणाशिवाय उघडू नका.

बाकी लेबलवर तीन गोष्टी बघायच्या. एक, "मी आं बुतेय ओ दोमेन" (Mis en bouteille au domaine) किंवा "ओ शातो" (au château) असेल तर बागेतच भरलेली. असं नसेल तर व्यापाऱ्याने ठिकठिकाणची वाईन विकत घेऊन भरलेली असू शकते, आणि ते वाईटच असं अजिबात नाही. गिगाल या व्यापारी कंपनीची साधी कोत द्यू रोन अशीच होते, तिच्यात सिरा भरपूर असतं आणि वर्षानुवर्षं एकसारखी लागते. दोन, अल्कोहोल. १३-१३.५ म्हणजे हलकी, १४.५ च्या पुढे म्हणजे भारी. आपल्या तिखट जेवणाला कमी आकड्याची बरी, त्यावर पुढे येतोच. तीन, साल. साधी कोत द्यू रोन किंवा लांगदोक दोन ते पाच वर्षांत संपवायची, जुनी झाली म्हणून चांगली होत नाही. २०१६ आणि २०१९ ही रोनची नावाजलेली सालं, २०२१ ला एप्रिलमध्ये कडक दहिवर पडलं, पीक कमी आलं आणि वाईन हलक्या झाल्या, पण मला त्या जेवायला बसल्यावर उलट आवडतात. "व्हिएय व्हिन्य" (Vieilles Vignes) म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याला कायद्याची व्याख्या नाही, तेवढ्यावर पैसे वाढवू नका. "ग्राँद रेझर्व्ह" वगैरे तर इथे निव्वळ सजावट.

दुकानात

भारतात फ्रेंच वाईन महाग असण्याचं कारण बागेत कमी आणि करात जास्त. कित्येक वर्षं नुसती कस्टम ड्युटी १५० टक्के होती, वर राज्याचे कर वेगळे. त्यामुळे तिकडे सात-आठ युरोला सुपरमार्केटमध्ये मिळणारी बाटली इथे "खास दिवसासाठी" होऊन बसते. परदेशातून येणारा कोणी असेल तर एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत ड्युटी-फ्री आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बिनधास्त, आणि त्यात मग जिगोंदाससारखी वरची मागवा, स्वस्तातली मागवून जागा वाया घालवू नका. युरोपात राहणाऱ्यांचं बरंय, त्यांनी सरळ लांगदोकचा पूर्ण कप्पा पालथा घालावा. महाराष्ट्रात राहत असाल तर परमिटचं लक्षात ठेवा, दुकानदारच देतो एका दिवसाचं.

बाटली उचलली की बूच बघा. बुचावरचं फॉइलचं टोपण फिरवून बघा, सहज फिरलं तर चांगलं, चिकटलेलं असेल किंवा कडेला लाल ओघळ असेल तर उन्हात तापून वाईन बाहेर आलीय, परत ठेवा. बूच काचेच्या वर आलेलं दिसलं तरी तेच. शोकेसमध्ये दिव्याखाली उभी केलेली बाटली कधीच घेऊ नका, आतल्या एसी कप्प्यातली मागा, दुकानदार कुरकुरला तरी मागा. दोन-तीन वर्षं आपल्या उन्हाळ्यात साध्या फळीवर काढलेल्या बाटलीला उकडलेल्या मनुकांचा वास येतो, आणि मग लोक म्हणतात फ्रेंच वाईन काही खास नाही.

घरी आणल्यावर लगेच प्यायची नसेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी. आदर्श नाही, पण पुण्या-नागपूरच्या एप्रिलमध्ये किचनच्या फळीपेक्षा शंभरदा बरी.

थंड करणं, हे टाळू नका

"रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची" हे वाक्य ज्या खोल्यांसाठी होतं त्या जाड दगडी भिंतींच्या, १७-१८ डिग्रीच्या खोल्या होत्या. आपली खोली मे महिन्यात ३२. त्या तापमानाला १४.५ टक्क्यांची ग्रेनाश ओतली तर नाकात आधी स्पिरिट जातं, फळ नंतर, आणि घोट जड लागतो.

लक्ष्य साधारण १६ डिग्री, हलकी सँसोवाली असेल तर १४. बाटली ३० डिग्रीची असेल तर फ्रीजमध्ये साधारण दीड तास, एसी खोलीतली असेल तर पाऊण-एक तास पुरतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं, मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत, १०-१२ मिनिटं. नुसता बर्फ घालू नका, पाण्याशिवाय काचेला नीट टेकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवलीत तर गजर लावा. ग्लासमध्ये ती पटकन तापते, त्यामुळे ग्लास एक तृतीयांशच भरायचा आणि बाटली परत गार जागी. जास्त थंड झाली, चव बंद आणि नुसता तुरटपणा आला, तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं बसा.

उघडल्यावर

ग्लास न हलवता आधी वास घ्या. काडी पेटवल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, सिरा आणि मूरवेद्र बाटलीत हवेविना राहिले की असं होतं. जगमध्ये ओता, वीस मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा जातो. स्टीलचा जग चालतो, डिकँटर विकत घ्यायची गरज नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या पुस्तकाचा वास आला तर मात्र बूच खराब, ती बाटली कितीही हवा दिली तरी सुधारत नाही, दुकानात परत न्या. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश आलं तर तेही गेलं.

मग ग्लास फिरवा. ग्रेनाशमधून लाल फळं येतात, सिरामधून मिरी आणि कधी ऑलिव्ह, आणि चांगल्या बाटलीत तिथल्या गारीगचा वास, म्हणजे डोंगरउतारावर वाढणारी रानटी थाइम, रोझमेरी यांची झुडपं. घोट घेतल्यावर तीन गोष्टी तपासायच्या. लाळ सुटली म्हणजे आंबटपणा आहे. जांभळं खाल्ल्यावर हिरड्या जशा आवळतात तसं झालं तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा. घशात ऊब उतरली ती अल्कोहोलची. तीनपैकी एकच गोष्ट ओरडत असेल तर ब्लेंड नीट बसलेली नाही, किंवा जेवण अजून आलेलं नाही.

ताटात काय

तिकडे ही वाईन कासुलेबरोबर (बीन्स आणि मांस एकत्र शिजवलेला पदार्थ), वाईनमध्येच तासन्‌तास शिजवलेल्या बीफबरोबर, भाजलेल्या कोकराबरोबर, रातातूयबरोबर पितात. रातातूयमध्ये वांगं, टोमॅटो, सिमला मिरची असतं, मग आपलं वांग्याचं भरीत का नाही चालणार? चालतंच, जळक्या सालीचा धुरकट स्वाद आणि ग्रेनाश मस्त जुळतात, फक्त हिरवी मिरची हात राखून. मटणाचं सुकं, खिमा, काळ्या मसाल्यातली मसूर, गोड्या मसाल्याची भरली वांगी, मशरूमचं काहीही, सगळं जमतं. धणे, तीळ, खोबरं भाजून केलेलं वाटण ज्यात आहे ते सगळ्यात सेफ.

तांबडा रस्सा मात्र भांडण काढतो. तिखट आणि अल्कोहोल दोघंही तोंडात जळजळ करतात, टॅनिन त्यात भर घालतं, तीन घोटांत वाईन कडू आणि रस्सा दुप्पट तिखट. तरीही प्यायचीच असेल तर १३ टक्क्यांची, कमी टॅनिनची, १३-१४ डिग्रीला. बांगडा किंवा सुरमई बरोबर नको, मासळीचं तेल आणि रेड वाईनमधलं लोह एकत्र आलं की तोंडात गंजलेल्या पत्र्याची चव येते. पुरणपोळी, श्रीखंडही नको, गोडासमोर ड्राय वाईन आंबट होऊन जाते.

घरी स्वतः ब्लेंड करून बघा

हे केलंत की लेबलवरचे सगळे शब्द एका संध्याकाळी डोक्यात बसतात. ग्रेनाशसाठी स्पेनची गार्नाचा घ्या, द्राक्ष तेच. सिरासाठी नाशिकची ड्राय शिराझ. मूरवेद्रसाठी स्पेनचंच मोनास्त्रेल मिळालं तर उत्तम, नाहीतर दोनवर भागवा. तीन-चार जण जमवा म्हणजे बाटल्या संपतात.

औषधाचं मिलीवालं माप किंवा सुई नसलेली सिरिंज, आणि सारखेच चार ग्लास. पहिल्यात ५० मिली नुसती गार्नाचा. दुसऱ्यात ३५ गार्नाचा, १५ शिराझ. तिसऱ्यात ३० गार्नाचा, १५ शिराझ, ५ मोनास्त्रेल. चौथ्यात उलटं, ३५ शिराझ आणि १५ गार्नाचा. ढवळा, दहा मिनिटं थांबा, मग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून आधी रंग बघा, पहिल्यातून कागदावरची अक्षरं आरामात वाचता येतात आणि चौथ्यात बहुतेक नाही. मग वास, मग घोट, मग भाकरीचा तुकडा आणि मटणाचा एक घास, आणि परत घोट. घासानंतर आवडीचा क्रम बदलतो का लिहून ठेवा. बऱ्याच जणांचा नुसता पिताना चौथा पहिला येतो आणि जेवताना तिसरा पुढे जातो. खरे वाईनमेकर हेच करतात, फक्त त्यांच्याकडे बागेच्या प्रत्येक तुकड्याची वेगळी टाकी असते आणि १ टक्का इकडे तिकडे करण्यावरून दिवस जातात.

उरली तर

७५० मिलीमध्ये १५० चे पाच ग्लास होतात, दोघांनी एका बसणीत संपवायची गरज नाही, आणि १४.५ टक्क्यांचा एक ग्लास म्हणजे जवळपास २२ मिली शुद्ध अल्कोहोल, त्यामुळे गाडी काढायची असेल तर बूच तसंच राहू द्या. उरलेली बाटली बूच घट्ट लावून लगेच फ्रीजमध्ये, उभी. त्याआधी छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलीत तर अजून चांगलं, आत हवाच राहत नाही. ग्रेनाश जास्त असलेली दोन दिवसांत थकते, सिरा-मूरवेद्रवाली तीन-चार दिवस तग धरते, बाँदोल तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागू शकते. त्यानंतर चपटी, सफरचंदाच्या कापलेल्या फोडीसारखा वास येणारी झाली की पिऊ नका. मटण परतून झालं की तेलावर एक वाटी ओता, वास उडेपर्यंत आटवा आणि मग वाटण घाला, टोमॅटो मात्र निम्मा करा, नाहीतर रस्सा आंबट होतो.